आधी तेल बघा, मग ट्रान्सड्यूसर बदला

बोटीच्या खोलीमापकाचा नवीन ट्रान्सड्यूसर (पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारा भाग) मागवायच्या आधी जरा थांबा. नांगरावर खोली नीट दिसते आणि इंजिन चालू केलं की आकडे नाचतात, असं तुम्ही म्हणताय ना? मग नांगरावरच इंजिन न्यूट्रलमध्ये चालवून बघा. तेवढ्यानेच बिघडलं तर दोष विजेचा: बॅटरीची टर्मिनल्स गंजलीत, नाहीतर ट्रान्सड्यूसरची केबल अल्टरनेटरच्या वायरींना चिकटून गेलीय. गिअर टाकल्यावरच, त्यातही रिव्हर्समध्ये, बिघडत असेल तर ते पंख्याचे बुडबुडे. त्याचं फार मनावर घेऊ नका.

या चर्चेत वर कुणी केबल कापून जोड मारायला सांगितलंय, ते मात्र करू नका. खाऱ्या हवेत तो जोड पुढची डोकेदुखी होतो.

माझ्या २७ फुटी बोटीत ट्रान्सड्यूसर आतून, तेल भरलेल्या नळकांड्यात बसवलाय, बुडाला भोक नाही. मांडव्याच्या वाटेवर बोट जरा कलली की डिस्प्लेवर नुसत्या रेघा! पंधरा दिवस वायरी चाचपल्या. शेवटी नळकांड्याचं झाकण उघडलं तर आतलं तेल बोटभर उतरलेलं. मध्ये हवा आली की आवाज बुडाच्या फायबरपर्यंत पोचतच नाही. केमिस्टकडून एरंडेल आणलं (लहानपणी जी बाटली बघून पळायचो तीच), काठोकाठ भरलं, बुडबुडे निघू दिले. काम झालं.

तुमचा बुडातून बाहेर आलेला असेल तर त्यावर चढलेले शिंपले लाकडी पट्टीने खरवडा, पत्र्याने नको. नंतर दोरीला शिसं बांधून एकदा खोली मोजा. आकडा ठरावीक अंतरानेच चुकत असेल तर तो बिघाड नाही, कीलचा ऑफसेट (ट्रान्सड्यूसर आणि कील, म्हणजे बोटीचा खालचा कणा, यांच्यातलं यंत्रात भरायचं अंतर) चुकीचा भरलाय.