राजदूत ३५०: दोन्ही कार्बोरेटर परत बसवले, आता रेस उतरत नाही

पडवीतली_३५० (चिपळूण)
दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक मोटारसायकल, १९८५ चं मॉडेल. पावसाळाभर उभी होती. दोन्ही मिकुनी कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारे) उतरवून साफ केले, जेट (पेट्रोलची बारीक भोकं) हवा मारून मोकळे केले, परत बसवले. दुसऱ्या किकला सुरू होते, पण रेस (इंजिनचा वेग) चढूनच राहते. आयडल स्क्रू (थ्रॉटल सोडल्यावरची रेस ठरवणारा) पूर्ण सैल केला तरी फरक नाही. डावा सायलेन्सर थंड, डाव्या कार्बच्या ओव्हरफ्लोमधून पेट्रोल गळतंय. रविवारी कुंभार्ली घाटाने कराडला न्यायची आहे. सुरुवात कुठून करू?

रीडव्हॉल्व्ह (कुडाळ)
दादा, हे सुटेपर्यंत घाट नको. हवा कुठून तरी जास्त ओढत असेल तर मिश्रण पातळ होतं (पेट्रोल कमी पडतं) आणि चढावर पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो.

डावं धड पेटत नसताना रेस चढतेय, म्हणजे तो दोष उजवीकडे शोधा. कार्बची टोपी उघडून स्लाइड (थ्रॉटलने वर-खाली होणारा दट्ट्या) बघा. तिची तिरकी कापलेली बाजू एअर फिल्टरकडेच हवी आणि खाच आतल्या पिनवर बसायला हवी. उलटी गेली तर आयडल स्क्रूचा तिच्यावर ताबाच राहत नाही. डाव्या-उजव्या स्लाइड अदलाबदल करू नका.

स्लाइड बरोबर असेल तर इनटेक रबर (कार्ब इंजिनला जोडणारं) बघा. गाडी थंड असतानाच सुरू करून रबराच्या कडेला कार्ब क्लीनरचा छोटा फवारा मारा. रेस बदलली की गळती तिथेच. चिरलेल्या रबराला सिलिकॉन फासू नका, पेट्रोलने ते सुटतं. नवीनच घाला.

खाऱ्या_हवेतला (मालवण)
गळती फ्लोटची (कार्बच्या वाटीत तरंगून पेट्रोलची पातळी धरणारा). वाटी उघडून नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) आणि तिची सीट बघा, पांढरी पूड असेल तर नीडल बसतच नाही. फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल वाजलं तर तो गेला. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल ओल धरतं, आपल्याकडच्या दमटात चार महिने वाटीत राहिलं की ही पूड ठरलेलीच. जूनआधी पेट्रोलचा कॉक बंद करून वाट्या रिकाम्या करत जा. व्हेंटच्या नळ्याही फुंकून बघा, कुंभारीण माशी आत मातीचं घर करते.

डावा प्लग ओला असेल तर पुसून स्पार्क तपासा. या गाडीला दोन्ही सिलिंडरचे पॉइंट (स्पार्कची वेळ ठरवणारे) आणि कॉइल वेगळे आहेत, त्यामुळे नुसत्या कार्बवर खापर फोडू नका. पॉइंटचा गॅप ०.३ ते ०.४ मिमी.

पडवीतली_३५०
उजवी स्लाइड उलटीच होती! डाव्या नीडलवर पूड. आता सिंक (दोन्ही कार्ब एकदमच उघडणं) कसं करू? आणि ऑइल पंपाचे पाइपही काढले होते.

रीडव्हॉल्व्ह (कुडाळ)
एअर स्क्रू (आयडलचं मिश्रण ठरवणारा) हलक्या हाताने पूर्ण आत, मग दीड फेरी बाहेर, दोन्हींचा सारखा. ही फक्त सुरुवात, पुढे कानाने. सिंकसाठी एअर फिल्टरचे रबर काढा, दोन्ही स्लाइडखाली एकाच मापाच्या ड्रिल बिटची दांडी अडकवा आणि थ्रॉटल अगदी हळू फिरवा. दोन्ही दांड्या एकाच क्षणी सुटेपर्यंत केबलचे अॅडजस्टर फिरवा. हँडल पूर्ण डावी-उजवीकडे वळवून रेस चढत नाही ना बघा.

ऑइल पंप त्यानंतरच, कारण तो याच केबलवर चालतो. केबलची ढील संपते त्या क्षणी पुलीवरची खूण पिनसमोर आली पाहिजे. पाइप काढलेत म्हणजे हवा शिरली असणार. पंपाचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा) उघडून बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल जाऊ द्या. शिवाय पहिल्या दोन लिटर पेट्रोलमध्ये लिटरमागे २५ मिलि टू-टी ऑइल मिसळा. धूर जास्त येईल, येऊ दे. टाकी तेवढी संपेपर्यंत चिपळुणातच फिरवा.