साडेपाच वर्षांच्या लेकीला घरी येशूबद्दल कसं शिकवायचं?

विश्रामबागची_आई:
सर्वांना सलाम. लिहीन लिहीन म्हणता आज मुहूर्त लागला, दोन्ही पोरं झोपलीत म्हणून. आम्ही सांगलीत राहतो, मुलगी साडेपाच वर्षांची, मुलगा तीनचा. मिस्टर कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला, त्यामुळे संध्याकाळची प्रार्थना म्हणजे मी, सासूबाई आणि ही दोन माकडं. सासूबाईंच्या माहेरी रोज अर्धा तास कौटुंबिक उपासना व्हायची, दोन गीतं, शास्त्रपाठ, मग सगळ्यांनी गुडघे टेकून प्रार्थना, आणि त्यांचं म्हणणं की आपल्यातही तसंच पाहिजे. पण पोरगी दहाव्या मिनिटाला चादरीचे धागे ओढायला लागते, धाकटा तर सरळ पेटीवर चढतो, मग आजी ओरडणार, मी ओरडणार, आणि प्रभूची प्रार्थना रडत रडत संपणार. रोजचं झालंय.

पण खरं लिहायचं कारण वेगळंच आहे. गुड फ्रायडेच्या आठवड्यात घरी एक पाहुणे आलेले, वयस्कर, मनाने चांगले आहेत, त्यांनी तिला मांडीवर घेऊन क्रूसाचं चित्र दाखवलं आणि सांगितलं की तुझ्या पापांसाठी येशूला खिळे ठोकले. ती तेव्हा काहीच बोलली नाही. रात्री अकराला उठून बसली आणि मला विचारते, "मी दादूला चावले म्हणून येशूला मारलं का गं?" दादू म्हणजे धाकटा. माझ्या पोटात गोळाच आला. मी काहीतरी सांगून झोपवलं, पण तेव्हापासून ती त्या चित्राकडे बघतच नाही, त्या खोलीत एकटी जातही नाही.

शिवाय आता गणपती जवळ आलेत, बिल्डिंगमधे सगळ्यांकडे बसतात, मागच्या वर्षी "आपल्याकडे का नाही" म्हणून दोन दिवस रुसलेली. तर सुरुवात कुठून करायची, क्रूसाचं किती सांगायचं, आणि गणपतीचं काय? अनुभव असेल त्यांनी सांगा, नुसते उपदेश नकोत प्लीज, ते सासूबाईंकडून फुल स्टॉक आहेत 😅

मिरजवाली_टीचर:
ताई सलाम. मी मिरजेत शब्बाथ शाळेत लहान गटाला अठरा वर्षं शिकवतेय. आमची आजी मिशन हॉस्पिटलात नर्स होती, 1894 साली डॉ. वॉनलेसनी सुरू केलेलं तेच, त्यामुळे घरात प्रार्थनेचं वातावरण पहिल्यापासून, पण आम्हीही पेटीवर चढलेलो आहोत, त्याचं टेन्शन घेऊ नका.

आधी त्या रात्रीच्या प्रश्नाचं. तिला काय वाटतंय बघा, तिला वाटतंय की मारणारी मीच. पाच वर्षांच्या लेकराला "तुझ्यामुळे" म्हटलं की ते तेवढंच ऐकतं, पुढचं प्रेमबिम काही ऐकत नाही. माझ्या वर्गातही एक मुलगा असाच गप्प झालेला. मी तेव्हापासून पापाची गोष्ट क्रूसापासून सुरू करत नाही, मेंढरापासून करते, बायबलमधलं लूक 15. शंभर मेंढरं, त्यातलं एक चुकलं, आणि मेंढपाळ नव्व्याण्णव सोडून त्याला शोधायला गेला. आपल्याकडे हे शिकवायला काय अडचण, जत आटपाडीकडचे धनगर मेंढरं घेऊन रस्त्यावरनं जातातच की, एकदा गाडी बाजूला घेऊन दाखवा तिला, एखादं कोकरू धनगराच्या खांद्यावर असतंच. मग घरी सांगा, तू दादूला चावलीस तेव्हा तू त्या चुकलेल्या कोकरासारखी झालीस, आणि येशू तुझ्यावर चिडून बसला नाही, तुला शोधायला निघाला. आणि सापडल्यावर मेंढपाळाने त्याला बडवलं का? नाही, खांद्यावर घेतलं आणि शेजारीपाजारी बोलावून आनंद केला. हे मुलं मला परत परत सांगायला लावतात.

क्रूसाचं लपवायचं नाही, ते आपल्या विश्वासाच्या मध्यभागी आहे. पण शुक्रवारी गोष्ट थांबवून पोराला झोपायला पाठवायचं नाही कधीच. त्याच बैठकीत रविवारपर्यंत न्यायची, रिकामी कबर, बागेत रडणारी मरीया, आणि येशूने तिला नावाने हाक मारली ते. खिळे, काटे, रक्त याचं वर्णन या वयात नको, "वाईट माणसांनी त्याला मारलं, तो मेला, तिसऱ्या दिवशी देवाने त्याला उठवलं" एवढं बस्स. बाकीचं ती दहा वर्षांची झाली की स्वतः विचारेल. आणि ते चित्र काही दिवस दुसऱ्या खोलीत लावा, त्यात काही पाप नाही. तिला स्पष्ट सांगा, पाहुणेआजोबांना वेगळं म्हणायचं होतं, तू कुणाला मारलेलं नाहीस. हे स्पष्ट शब्दात सांगायलाच लागतं, आपण समजतो तिला कळलं असेल, कळलेलं नसतं.

उपासना पाच मिनिटं करा. एक गाणं, एक गोष्ट, एकेकाने एक वाक्य प्रार्थना. येशूला बघायला झाडावर चढलेल्या जक्कयची गोष्ट सांगायची तर उंबराखाली जाऊन सांगा, शास्त्रात उंबराचंच झाड आहे, आणि कृष्णेकाठी उंबरांना काय तोटा. पाच भाकरी दोन मासे सांगताना भाकरी हातात द्या मोडायला. सासूबाईंना अर्धा तास हवाय तर मुलं झोपल्यावर तुम्ही दोघी बसा, त्यांनाही बरं वाटेल.

शास्त्रप्रेमी:
टीचर, तुमचा मान राखून बोलतो, पण हे सगळं फार मऊ मऊ झालंय. आमच्या वडिलांनी सहाव्या वर्षी दहा आज्ञा पाठ करून घेतल्या, स्तोत्र 23 आणि 121 पाठ, चुकलं की परत. तेच आज कामाला येतंय. बायबलच्या अनुवाद या पुस्तकात, 6व्या अध्यायात स्पष्ट आहे की ही वचनं मुलांच्या मनावर ठसवा. गोष्टी सांगून पोरं गोष्टीच मागतात. आणि गणपतीच्या बाबतीत तडजोड नको, प्रसाद घ्यायचा नाही म्हणजे नाही, पहिल्यापासून सवय लागली पाहिजे.

मिरजवाली_टीचर:
दादा पाठांतराला माझी ना नाहीच, 23वं स्तोत्र मीही पाठ करून घेते, पण त्याच अनुवाद 6 मध्ये पुढची ओळ वाचा ना, घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना बोला म्हणून आहे. छडी घेऊन ओळीत बसवा असं नाही लिहिलेलं 🙂

तासगाव_बागायतदार:
वरचा वाद चालू द्या, मी माझं सांगतो. आमची द्राक्षबाग आहे साडेतीन एकर. मला काय गोष्टीबिष्टी रंगवून सांगता येत नाहीत, बायकोला येतात. पण माझा मुलगा सहाचा असताना एप्रिलच्या खरड छाटणीला बागेत आला आणि रडायलाच लागला की पप्पा तुम्ही सगळी झाडं मारून टाकली. खरंच तसंच दिसतंय ओ, नुसती खोडं आणि ओलांडे उरत्यात. मी म्हटलं थांब. पंधरा वीस दिवसांनी परत नेला, सगळीकडं पोपटी फुटवे. मग ऑक्टोबरची छाटणी, मग फेब्रुवारीत घड हातात दिला आणि योहान 15 वाचलं, मी वेल आहे तुम्ही फाटे आहात. एक काडी तोडून त्याच्याच हातात दिली, म्हटलं ठेव खिशात आणि संध्याकाळी बघ. संध्याकाळी सुकलेली. त्यानं स्वतःच सांगितलं मला, "वेलाला चिकटून राहायला पायजे." एक वचन शिकवायला दहा महिने लागले मला, पण ते पोरगं आता चौदाचं आहे आणि अजून विसरलेलं नाही.
बाग नसली तर कुंडीत मोहरी पेरा, मत्तय 13 मधला मोहरीच्या दाण्याचा दाखला. सांगलीत फ्लॅटच्या गॅलरीत पण येत्या.

साताऱ्याचा_भाचा:
गाण्यांचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. आमच्या मुलींना इंग्लिश अ‍ॅक्शन साँग्ज सगळी येतात, मोबाईलवर बघून नाचतात पण छान, पण एकदा मोठीला विचारलं यातलं काय कळलं तर म्हणे काही नाही. मग आईने हट्टाने रेव्ह. ना. वा. टिळकांची भजनं सुरू केली झोपवताना. आपण ती चर्चमध्ये इतकी सवयीने म्हणतो की विसरतो हा माणूस मराठीतला नावाजलेला कवी होता, आणि शेवटच्या काळात इथे साताऱ्यातच राहून 1917 साली त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणायचे. त्याचा फायदा पोरांना असा होतो की चाल ओवी अभंगाच्या अंगाची, शब्द घरातले, देवाला "आई" म्हटलेलं पोरांना लगेच कळतं, समजावून सांगावं लागत नाही. टाळ आणा एक जोडी, धाकट्याला द्या, पेटीवर चढायचा बंद होईल. कान किटतील ती गोष्ट वेगळी.

फक्त एक, वचन पाठ केलं की चॉकलेट हे आम्ही केलं आणि फसलो. धाकटी प्रार्थना झाल्यावर हात पुढे करायला लागली.

वसईची_सून:
मी कॅथलिक, माहेर वसई, सासर सांगली. गणपतीबद्दल माझा अनुभव सांगते कारण आमचा पण हाच गोंधळ होता. शेजारच्या काकूंना मी पहिल्याच वर्षी मोकळेपणाने सांगितलं की आमची मुलं येतील, बसतील, डेकोरेशनला मदत करतील, पण आरती ओवाळणार नाहीत, राग मानू नका. त्या म्हणाल्या त्यात काय राग, आणि तेव्हापासून दरवर्षी नैवेद्य दाखवायच्या आधी आमच्या मुलांचे पाच मोदक वेगळे काढून पाठवतात. आम्ही न सांगता. नाताळात आमच्या करंज्या चकल्या पहिल्या त्यांच्याकडे, ताट घेऊन मुलंच जातात.

"आपल्याकडे का नाही" याला "आपल्याकडे काय आहे" हे उत्तर लागतं बघा. नुसतं नाही नाही म्हटलं की मुलांना वाटतं आपल्याकडे काहीच नाही. आम्ही नाताळच्या आधी वाटीत गहू पेरतो, घटाला पेरतात तसेच, आणि ते हिरवे झाले की नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यात ठेवतो. बाळ येशू 24 च्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवायचा नाही, रिकामी गव्हाण. माझी मुलगी रोज जाऊन बघून येते आला का म्हणून.

विश्रामबागची_आई:
सगळ्यांना मनापासून थँक्यू, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. चार दिवसांनी उत्तर देतेय कारण करून बघत होते.

मेंढरू सांगितलं. एकदा नाही, सहा वेळा, सासूबाईंनी उशीचा धनगर केला आणि धाकटा कोकरू झाला, पलंगाखाली लपला, तिने जाऊन ओढून काढला. तेव्हा मी सांगितलं की तू कुणाला मारलेलं नाहीस. ती म्हणाली, "मग दादूला चावलेलं?" मी म्हटलं ते चूकच होतं, त्यासाठी सॉरी म्हणायचं. लगेच जाऊन त्याच्या कानात म्हणाली, तो झोपेत होता. चित्र हॉलमधनं सासूबाईंनीच काढून त्यांच्या कपाटाशी लावलं, मी काही बोलले नव्हते.

शास्त्रप्रेमी दादा, स्तोत्र 23 सुरू केलंय, मेंढपाळ आहेच त्यात. प्रसादाचं मात्र मी वसईच्या ताईंचं ऐकणार, खालच्या काकूंशी कालच बोलले, त्या हसल्या आणि म्हणाल्या तुझी पोरगी मोदकापेक्षा आमचा थर्माकोलच जास्त खाते.

आता एक मदत पाहिजे. सासूबाईंचं उपासना संगीत, म्हणजे गीतांचं पुस्तक, पार फाटलंय, पानं दोऱ्याने शिवलीत, आणि त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. मोठ्या अक्षरातलं कुठे मिळेल, मिरजेत की साताऱ्यात? टाळ मात्र आणले. साताऱ्याचे दादा, कान किटले 🙏