अटॅचमेंटचं एक्स्टेन्शन स्प्लिटने तोडू नका

दप्तरदार
काल इथे आउटलुकच्या मॅक्रोसाठी (मेलच्या अटॅचमेंट आपोआप सेव्ह करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसाठी) ‘एका ओळीत काम’ म्हणून उपाय आला: अटॅचमेंटचं नाव डॉटवर स्प्लिट करा, पहिला तुकडा नाव, दुसरा एक्स्टेन्शन (फाइलचा प्रकार सांगणारं शेपूट). लोक तो तसाच उचलतायत, म्हणून लिहितोय. ‘अहवाल.मार्च.पीडीएफ’ आली की एक्स्टेन्शन मिळतं ‘मार्च’. नावात डॉटच नसेल तर दुसरा तुकडा नाही. एरर ९ (नसलेला तुकडा मागितला) येते, मॅक्रो मध्येच थांबतो आणि पुढच्या अटॅचमेंट सेव्हच होत नाहीत. सगळ्यात घातक ‘बिल.पीडीएफ.एचटीएम’, म्हणजे पीडीएफच्या वेषातलं वेबपेज. ‘फक्त पीडीएफ घ्या’ ही तुमची चाळणी तिला खुशाल आत घेते. डॉट शेवटाकडून शोधायचा असतो, इनस्ट्ररेव्हने.

शून्यांश
दोष स्प्लिटचा नाही, ‘दुसरा तुकडा’ म्हणण्याचा आहे. यूबाउंड शेवटच्या तुकड्याचा क्रमांक देतो (मोजणी शून्यापासून), त्याने शेवटचा तुकडा घ्या, झालं. आणि तुमच्या इनस्ट्ररेव्हला डॉट सापडला नाही तर तो शून्य देतो. त्यातून एक वजा करून लेफ्टला (डावीकडची तेवढी अक्षरं कापून देणाऱ्या फंक्शनला) दिलं की एरर ५, म्हणजे न चालणारा आकडा. हे तुम्ही लिहिलंच नाहीत. लोक तुमचीही ओळ तशीच उचलतील.

दप्तरदार
शून्याची तपासणी लिहायला हवी होती, मान्य. पण बिनडॉटच्या नावात यूबाउंडही शून्यच असतो, म्हणजे अख्खं नाव एक्स्टेन्शन म्हणून हातात येतं आणि एररही येत नाही. मॅक्रो अडला तर निदान कळतं. गुपचूप चुकला तर कधी कळणार?

पाटीपेन्सिल
आयतं मिळतंय ते हाताने का करायचं? फाइलसिस्टिमऑब्जेक्ट या फाइली हाताळणाऱ्या तयार साधनाचं गेटबेसनेम (एक्स्टेन्शन सोडून उरलेलं नाव) आणि गेटएक्स्टेन्शननेम वापरा. डॉट नसेल तर एक्स्टेन्शन रिकामं येतं, एरर नाही. ऑब्जेक्ट लूपच्या बाहेर एकदाच बनवा, आणि तुलनेआधी एलकेस लावा, म्हणजे इंग्रजी अक्षरं सगळी लहान लिपीत येतील. आणि कृपा करून राइट लावून शेवटची तीन अक्षरं कापणं बंद करा! ऑफिस २००७ पासून वर्ड-एक्सेलची एक्स्टेन्शनं चार अक्षरी आहेत.

शून्यांश
मॅकवर तो ऑब्जेक्ट नाही.

पाटीपेन्सिल
मॅकच्या आउटलुकमध्ये व्हीबीए (मॅक्रो लिहायची भाषा) तरी कुठे आहे? तो मुद्दा एक्सेलच्या चर्चेत मांडा.

कोकणकडा
तुम्ही सगळे इंग्रजी नावं धरून भांडताय. ‘ठराव क्र. १२.पीडीएफ’ घ्या. क्र., दि., मा. यांचे डॉट आपल्या नावांत पावलोपावली. पण खरी अडचण पुढे आहे. अटॅचमेंट सेव्ह करणारं सेव्हॲजफाइल त्याच नावाची जुनी फाइल न विचारता पुसतं, म्हणून लोक तशी फाइल आहे का हे आधी डिरने तपासतात. डिर चालतो एएनएसआयवर (विंडोजचे जुने, भाषेपुरते अक्षरसंच), आणि विंडोजमध्ये देवनागरीला एएनएसआय कोड पेज, म्हणजे असा अक्षरसंचच नाही. अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात, आणि डिरच्या लेखी प्रश्नचिन्ह म्हणजे ‘कुठलंही अक्षर’. मग भलत्याच नावाची फाइलही जुळते. त्या तपासणीवर विसंबायचं कसं?

शून्यांश
मग फाइलींची नावं इंग्रजीत ठेवा. प्रश्न मिटला.

कोकणकडा
अहो, नाव पाठवणारा ठेवतो! ग्रामपंचायतीने मराठीत पाठवलेल्या पत्राचं नाव तुमच्या मॅक्रोसाठी बदलायचं? कोड सुधारा, भाषा नाही.

दप्तरदार
कोकणकडांचं बरोबर आहे. व्हीबीएच्या एडिटरमध्येही ‘ठराव’ टाइप केलं की प्रश्नचिन्हंच दिसतात. नाव कोडमध्येच लिहायचं तर एकेक अक्षर त्याच्या युनिकोड क्रमांकावरून सीएचआरडब्ल्यूने जोडावं लागतं (युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांचा एकच अक्षरसंच), ‘ठ’साठी २३३६.

पाटीपेन्सिल
डिरच्या जागी त्याच ऑब्जेक्टचं फाइलएग्झिस्ट्स वापरा. ते युनिकोड नीट वाचतं.

शून्यांश
ठीक आहे. तपासणीसाठी तो ऑब्जेक्ट आणायचाच असेल तर एक्स्टेन्शनही त्याच्याकडूनच घ्या, हरकत नाही. पण इंग्रजी नावांपुरतं यूबाउंड चुकीचं आहे हे मी मानत नाही. आधी डॉट आहे का एवढं बघा.

कोकणकडा
जुळी नावं आली तर क्रमांक बेसनेमच्या मागे जोडा, ‘ठराव क्र. १२_२.पीडीएफ’ असं. एक्स्टेन्शनच्या मागे जोडलात तर फाइल डबल क्लिकने उघडणार नाही.