लोवेलच्या गिरण्या: यंत्रानं माणसाला मोकळं केलं की घंटेला बांधलं?

पायवाट
मागच्या महिन्यात बॉस्टनला बहिणीकडे होतो तेव्हा लोवेलला जाऊन आलो, मॅसॅच्युसेट्समधलं जुनं कापड गिरण्यांचं गाव, ट्रेननं पाऊण तास. तिथल्या बूट (Boott, नुसतं नाव, पायातल्या बुटांशी संबंध नाही) या कापड गिरणीचं म्युझियम केलंय आणि साचेखात्यातले, म्हणजे विणकामाच्या खात्यातले, जुने माग अजून चालवून दाखवतात, आत शिरताना कानात घालायला बोळे देतात. सगळे माग एकदम सुरू नसतात, मोजकेच, तरी फरशी पायाखाली थरथरत होती आणि शेजारी उभ्या बहिणीचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. १८३०-४० च्या काळात असल्या खोलीत पंधरा-वीस वर्षांच्या मुली आठवड्याला ७३ तासांच्या आसपास उभ्या असायच्या. खिडक्या बंद, कारण हवा दमट राहिली नाही तर दोरा तुटतो.

शाळेत आपण शोधांची यादी पाठ केली, याने हे शोधलं त्याने ते. पण लोवेलला सुरुवातीला वाफसुद्धा नव्हती, मेरिमॅक नदीचं पाणी ३२ फुटांवरून पडायचं त्याच्यावर सगळं चालायचं. नवी होती ती घंटा. उठायची घंटा, फाटकाची घंटा, जेवणाची घंटा, आणि रात्री दहाला मुली राहायच्या त्या खानावळीचं दार बंद. त्याआधी विणकर घरी बसून कापड विकायचा, इथे माणूस स्वतःचे तास विकायला लागला. माझ्या मते अमेरिकेत रेल्वेपेक्षाही मोठा बदल हा होता आणि तो माणसाच्या तोट्याचाच होता.

कणगी
अजिबात पटलं नाही. त्या मुली आल्या कुठून? न्यू हॅम्पशायर, व्हरमाँटच्या शेतांवरून. तिथे पहाटेपासून धारा काढा, लोणी घुसळा, सूत काता, आणि हातात काय, तर काही नाही. गिरणीत खानावळीचे पैसे कापून का होईना, आठवड्याला दोनेक डॉलर तिच्या स्वतःच्या हातात पडायचे, बँकेत तिच्या नावावर खातं, संध्याकाळी व्याख्यानं, आणि १८४० पासून तर या कामगार मुलींच्याच लेखनाचं मासिक निघायला लागलं. घरची मोकळीक वगैरे बोलायला ठीक आहे हो, माझ्या आजीला आयुष्यात कुणी विचारलं नाही की बाई तुझा दिवस किती तासांचा.

पायवाट
मग त्यांनी संप का केले? १८३४ ला मजुरी कापली तेव्हा बाहेर पडल्या, १८३६ ला खानावळीचे दर वाढवले तेव्हा दीड हजारांच्या आसपास बाहेर पडल्या. १८४५ ला सारा बॅगली ही गिरणी कामगार आणि तिच्या सोबतिणींनी दहा तासांच्या दिवसासाठी हजारो सह्या गोळा करून राज्याच्या विधिमंडळात नेल्या, स्वतः साक्षी दिल्या, तर समिती म्हणाली यात कायद्यानं पडायचं काम नाही. मॅसॅच्युसेट्सला दहा तासांचा कायदा आला १८७४ ला! तोवर त्या मुली म्हाताऱ्या झाल्या.

धोटा
मी इचलकरंजीचा, घरात माग होते म्हणून एक सांगतो. धोटा म्हणजे आडवा दोरा इकडून तिकडे नेणारी लाकडी नाव, त्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची आणि दोरा धोट्याच्या बारीक डोळ्यातून बाहेर काढायचा. त्या काळी अमेरिकेत बायका तिथे तोंड लावून श्वासानं दोरा ओढून घ्यायच्या. दिवसातनं शेकडो वेळा. कापसाचं तूस थेट छातीत, आणि एकच धोटा अनेकींच्या तोंडाला, म्हणजे एकीचा क्षय दुसरीला. बँकेतलं खातं वाचताना हेही वाचा एवढंच म्हणणं आहे.

बंदरकाठ
तुम्ही सगळे गिरणीतच अडकलात. माल हलला नाही तर गिरणी काय करणार? न्यूयॉर्क राज्यातला ईरी कालवा बघा, १८१७ ते १८२५ मध्ये खणला, ऑल्बनी ते बफेलो ३६३ मैल, पाण्याची पातळी बदलून बोटी वर-खाली नेणारी ८३ दरवाजेबंद कुंडं, तेही कुदळ, फावडं, बैल आणि सुरुंगाच्या दारूवर. आधी एक टन माल बफेलोहून न्यूयॉर्कला न्यायला शंभरेक डॉलर लागायचे ते दहाच्या खाली आले. न्यूयॉर्क मोठं झालं ते यानं. आणि पश्चिमेचा स्वस्त गहू पूर्वेला यायला लागल्यावर न्यू इंग्लंडच्या खडकाळ शेतांना कोण विचारतो? त्या मुली हौसेनं शेत सोडून आल्या असं नाही, कालव्यानंही त्यांच्या बापाचं शेत परवडेनासं केलं. वाहतूक, कामगार, यंत्र असे वेगळे कप्पे नाहीत हो हे.

कणगी
हा मुद्दा मान्य, माझ्या लक्षात आला नव्हता.

काळी_माती
कापूस कुठून यायचा यावर अजून कुणीच बोललं नाही याचं वाईट वाटतं. १७९३ ला एली व्हिटनी या अमेरिकन माणसानं सरकी काढायचं यंत्र केलं, आता काम हलकं होईल असं कुणालाही वाटेल, झालं उलटं. सरकी झटपट निघायला लागल्यावर कापूस लावणं इतकं फायद्याचं झालं की १७९० ला जिथे सातेक लाख गुलाम होते तिथे १८६० ला ४० लाखांच्या घरात गेले. तो कापूस लोवेलला यायचा आणि त्यातलं जाडंभरडं कापड परत दक्षिणेत गुलामांच्या अंगावर जायचं. मोकळीक मिळाली का हे विचारताना मोजणी गिरणीच्या फाटकापासून कशी सुरू करता? आणि आपणही यातून सुटत नाही, १८६१ ते ६५ च्या अमेरिकेतल्या यादवीत तो कापूस अडला तेव्हा मुंबईच्या कापसाचे भाव भडकले आणि तिथल्या व्यापाऱ्यांनी रग्गड पैसा केला.

कणगी
वाचून गप्प बसले होते थोडा वेळ. गुलामगिरीबद्दल वादच नाही. पण पायवाट, तुमचं "माणसाच्या तोट्याचाच" हे मला अजूनही मान्य नाही. शेतावर एकेकटी राबणारी मुलगी कुणाकडे अर्ज करणार होती? हजार जणी एका घंटेला उठल्या म्हणून हजार जणी एका दिवशी बाहेर पडल्या. आपल्याकडे १८८४ ला कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सह्या घेऊन रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मागत होते, तेही गिरणीमुळे एकत्र आलेल्या माणसांच्या जोरावरच.

पायवाट
आणि ती सुट्टी मिळाली १८९० ला, सहा वर्षांनी. एकत्र आल्या हे खरं, पण ज्या घंटेनं एकत्र आणलं तिचंच ओझं उतरवायला आल्या होत्या ना. तिथे एका खिडकीच्या चौकटीपाशी मी बराच वेळ उभा होतो, बाहेर नदी अगदी जवळ दिसते, आणि ती खिडकी उघडायची परवानगी नव्हती.