महागाई ०.२५ टक्के, तरी वाण्याची यादी हलकी का होत नाही?

रोजकीर्द

ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्क्यांवर आला. २०१२ हे आधारवर्ष असलेल्या मालिकेतला तो नीचांक होता. त्या महिन्यात माझ्या ओळखीतल्या एकाही घरात स्वस्ताईचा विषय निघाल्याचे मला आठवत नाही.

रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी १९ शहरांतील कुटुंबांना सध्याची महागाई किती वाटते, असे विचारते. (यादीत मुंबई आणि नागपूर आहेत, पुणे नाही, पुणेकरांनी मनाला लावून घेऊ नये.) मे २०२५ मध्ये अधिकृत दर २.८२ टक्के होता, तर या उत्तरांचा मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे उत्तर) साडेसात टक्क्यांच्या वर होता. एवढ्या तफावतीला 'लोकांचा गैरसमज' म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. महागाई मोजणाऱ्या २०१२ च्या मालिकेतल्या निर्देशांकात अन्न आणि पेयांचा भार (एकूण खर्चातला धरलेला वाटा) ४५.८६ टक्के होता, त्यामुळे भाजीपाला कोसळला की सगळा आकडाच खाली बसे. परंतु ज्या घराचा पगार घरभाडे, शाळेची फी, औषधे आणि आरोग्यविम्याचा हप्ता यांतच संपतो, त्या घराला कोथिंबिरीची जुडी स्वस्त झाल्याने कितीसा दिलासा मिळणार? अर्थव्यवस्था कशी हाताळली जात आहे याविषयीचे लोकांचे मत याच खर्चातून बनते, आणि धोरण ठरवताना त्याला वजन असले पाहिजे.

त्रैराशिक

आपण दिलेला ४५.८६ हा भार ग्रामीण आणि शहरी मिळून होता. केवळ शहरी निर्देशांकात तो ३६ टक्क्यांच्या आसपास होता, आणि आपली तक्रार शहरी घराची आहे. शिवाय घराच्या खर्चाची टोपली निर्देशांकाच्या टोपलीहून वेगळी असल्यामुळेच तफावत पडत असती, तर भाजी कडाडते तेव्हा लोकांचा अंदाज अधिकृत दराच्या खाली जायला हवा होता. तसे होत नाही. तो वरच राहतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये भाजीपाला वर्षभरात ४२.१८ टक्क्यांनी महागला होता आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये २७.५७ टक्क्यांनी उतरला. म्हणजे ऑक्टोबर २०२३ मध्ये शंभर रुपयांना मिळणारी पिशवी १४२ वर जाऊन पुन्हा १०३ वर आली. गृहिणीला, किंवा माझ्यासारख्या पिशवी वाहणाऱ्याला, १४२ लक्षात राहतात आणि १०३ हा आपला हक्क वाटतो. ही मनाची खरी अवस्था आहे, हे मान्य. पण ते मापन नव्हे. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती होऊन महागाईसाठी ४ टक्क्यांचे लक्ष्य आणि वर-खाली २ टक्क्यांची मुभा ठरली, म्हणूनच २०२२ मध्ये सलग तीन तिमाह्या दर ६ टक्क्यांच्या वर राहिल्यावर रिझर्व्ह बँकेला सरकारकडे लेखी कारणे द्यावी लागली. लोकांना वाटणारा दर प्रमाण मानला असता, तर ही जबाबदारी कशाच्या आधारे निश्चित करणार होतो?

रोजकीर्द

शहरी भाराची दुरुस्ती मान्य आहे. पण आपला १०३ चा हिशेब माझ्याच बाजूने बोलतो, कारण महागाईचा दर उतरला म्हणजे किमती उतरल्या असे नसते. भाजी मागे फिरली, फी आणि भाडे फिरत नाहीत. लोक पाच वर्षांत चढलेली पातळी आपल्या पगाराशी ताडून पाहतात, आणि ही तुलना भाबडी नाही.

लोक केवळ रडगाणे गातात असेही नाही. बँकेच्याच ग्राहक विश्वास पाहणीत १०० ही निराशा आणि आशा यांमधली रेषा आहे. 'सध्याची परिस्थिती' हा निर्देशांक २०१९ च्या उत्तरार्धापासून २०२५ पर्यंत तिच्या खालीच राहिला. मे २०२१ मध्ये तर तो ४८.५ होता. त्याच वेळी 'पुढील वर्ष' हा निर्देशांक २०२५ मध्ये १२० च्या वर होता. आज कठीण आहे, पुढल्या वर्षी बरे होईल, असे लोक वर्षानुवर्षे सांगत आहेत. ते 'पुढले वर्ष' अजून उजाडलेले नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

निफाडकर

आपण दोघेही विकत घेणाऱ्याच्या बाजूने बोलत आहात. भाजीपाल्याची ती २७.५७ टक्क्यांची घसरण आम्हा शेतकऱ्यांच्या पट्टीत (माल विकल्यावर हाती येणाऱ्या हिशेबात) आली. कांदा चढू लागला तेव्हा ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क आले, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली, आणि बंदी उठल्यावरही शुल्क मार्च २०२५ अखेरपर्यंत या ना त्या दराने राहिले. भाव पडल्यावर मात्र तेवढ्या तत्परतेने कोणी धावले नाही. हाच प्रश्न लासलगावच्या बाजार समितीच्या आवारात विचारला असता, तर लोक महागाई कमी झाल्याचे मान्य करतील आणि त्याबद्दलच चिडलेले असतील.

त्रैराशिक

तुमचे उदाहरण माझ्या शंकेला बळ देते, निफाडकर. निर्यातबंदी रिझर्व्ह बँकेची नव्हती. ती शहरी ग्राहकाच्या नाराजीची धास्ती घेतलेल्या सरकारची होती, म्हणजे रोजकीर्द म्हणतात तसे जनमताला वजन देऊन घेतलेला निर्णय होता.

निफाडकर

मग उरलेली अर्धी गोष्टही नोंदवून ठेवा. बंदी उठली ४ मे २०२४ रोजी, आणि दिंडोरी व नाशिकचे लोकसभेचे मतदान होते २० मे रोजी. वजन आमच्याही मताला मिळाले. फक्त पाच महिने उशिरा, आणि तोवर लेट खरिपाचा (जानेवारी ते मार्चमध्ये निघणारा) कांदा पडेल भावात विकून झाला होता.