मदत हवी आहे : न्यूयॉर्कची क्लोज्ड प्रायमरी, पक्ष न नोंदवलेल्या मतदाराने आता काय करायचं?

मंजिरी_क्वीन्स

न्यूयॉर्कमधल्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं. प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक. आमच्याकडे ती ‘क्लोज्ड’ असते, म्हणजे त्या पक्षात नोंद असलेल्यांनाच तिथे मत देता येतं.

आम्ही क्वीन्समध्ये राहतो. मी आणि नवरा दोघंही नागरिक आहोत, मतदार नोंदणीही झालेली आहे. त्या फॉर्मवर पक्ष निवडायचा रकाना असतो, तिथे आम्ही ‘कुठलाही पक्ष नको’ यावर खूण केली होती. मत गुप्त असतं, मग सरकारी कागदावर पक्ष कशाला लिहून द्यायचा, असं आमचं मत होतं.

गेल्या रविवारी मंडळातल्या ओळखीच्या एक ताई दारात आल्या. त्या डेमोक्रॅटिक पक्षातर्फे राज्याच्या असेंब्लीसाठी उभ्या राहतायत. हातात क्लिपबोर्ड, वर मतपत्रिकेवर नाव येण्यासाठी लागणाऱ्या सह्यांचा कागद आणि त्याखाली घरांच्या क्रमाने छापलेली यादी. मी पेन हातात घेतलं, तर म्हणाल्या, “थांब गं, तुझं नाव यादीत नाहीये. तू सही केलीस तरी ती धरणार नाहीत.” शेजारच्या आजींची सही मात्र चालली. ज्या बाईला मी इतकी वर्षं काम करताना बघतेय, तिला साधी सहीसुद्धा देता येऊ नये, याचं फार वाईट वाटलं.

प्रायमरी 23 जूनला आहे, अजून तीन महिने हातात आहेत. आम्हा दोघांना आता पक्ष नोंदवून तेव्हा मत देता येईल का? सासूबाईंचा नागरिकत्वाचा शपथविधी याच महिन्यात झाला, त्यांची मतदार नोंदणी अजून व्हायची आहे. त्यांनाही हाच नियम लागेल का? आणि ताईंना अशा किती सह्या लागतात? आमच्या भागात नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीतली लढत नावापुरतीच असते. जूनमध्ये मत नाही म्हणजे निवड करायची वेळ आमच्या वाट्याला येतच नाही.

अनिरुद्ध_ब्रुकलिन

आधी वाईट बातमी. तुम्हा दोघांना यंदाच्या जूनमध्ये मत देता येणार नाही. आधीच नोंदणी असलेल्या मतदाराला पक्ष घ्यायचा किंवा बदलायचा असेल, तर तो फॉर्म 14 फेब्रुवारीपर्यंत निवडणूक मंडळाकडे पोचावा लागतो. त्यानंतर आलेले फॉर्म बाजूला ठेवतात आणि प्रायमरी झाल्यावर सातव्या दिवशी बदल लागू करतात. तरीही फॉर्म आताच भरून टाका, म्हणजे पुढच्या वर्षीची काळजी मिटेल.

सासूबाईंचं मात्र वेगळं आहे. त्या पहिल्यांदाच नोंदणी करतायत, त्यामुळे 14 फेब्रुवारीची अट त्यांना नाही. निवडणुकीच्या दहा दिवस आधीपर्यंत, म्हणजे 13 जूनपर्यंत, त्यांचा फॉर्म पोचला आणि त्यावर पक्षाची खूण असली, की त्या 23 जूनला मत देऊ शकतात. शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. आणि तो रकाना त्यांना नीट समजावून सांगा, कारण यंदापुरतं सगळं त्या एका खुणेवर आहे.

पूर्वी हे याहून कडक होतं. 19 एप्रिल 2016 च्या प्रायमरीत इव्हांका आणि एरिक ट्रम्प यांना स्वतःच्या वडिलांना मत देता आलं नव्हतं. पक्ष बदलायची मुदत आदल्या ऑक्टोबरमध्येच संपली होती.

पुणेरी_वाचक

बाहेरून एक प्रश्न. मग तिथे एबी फॉर्म कोण देतं? पक्षश्रेष्ठी तिकीट देत नाहीत का?

अनिरुद्ध_ब्रुकलिन

एबी फॉर्मसारखं काही नाही. पक्षाची स्थानिक समिती एखाद्याला पाठिंबा देते, त्याच्यासाठी माणसं लावते, पण दुसऱ्याला अडवू शकत नाही. पक्षाचा नोंदणीकृत मतदार असलेल्या कुणीही पुरेशा सह्या आणल्या की त्याचं नाव मतपत्रिकेवर. प्रायमरी जो जिंकेल तो पक्षाचा उमेदवार, समितीला आवडो न आवडो. समितीची परवानगी लागते ती बाहेरच्याला. पक्षात नोंद नसलेल्याला त्या पक्षाची प्रायमरी लढवायची असेल, तर 1947 च्या विल्सन-पकुला कायद्यानुसार समितीची लेखी संमती घ्यावी लागते. तुमच्या एबी फॉर्मच्या जवळ जाणारी गोष्ट तेवढीच.

आपल्याकडे 2014 च्या लोकसभेला काँग्रेसने लातूर आणि वर्ध्यात प्रायमरी घेतली होती, पण तिथे मतदार होते पक्षाचे पदाधिकारी. इथे पावती फाडावी लागत नाही, वर्गणी नाही, बैठका नाहीत. फॉर्मवरची खूण म्हणजेच सदस्यत्व.

मंजिरीताई, सह्यांचं सांगतो, कारण हे काम मी स्वतः केलंय. असेंब्लीला 500 सह्या, किंवा मतदारसंघातल्या त्या पक्षाच्या मतदारांच्या 5 टक्के, यातला जो आकडा कमी असेल तो. राज्याच्या सिनेटला 1,000, काँग्रेसला (म्हणजे अमेरिकेच्या संसदेला) 1,250. हे सगळं फेब्रुवारीअखेर ते एप्रिलची सुरुवात अशा 37 दिवसांत, थंडीत, दारोदार. सही करणारा त्याच पक्षाचा आणि त्याच मतदारसंघातला हवा. सह्या घेणाराही त्या पक्षाचाच लागतो, नाहीतर नोटरी. त्यामुळे तुम्हाला ताईंसाठी घरोघर जाऊन सह्या गोळा करता येणार नाहीत.

आणि 500 लागतात म्हणून 500 आणून भागत नाही. दुप्पट-तिप्पट आणाव्या लागतात. कागद दाखल झाले की विरोधक तीन दिवसांत हरकत नोंदवतात आणि पुढच्या सहा दिवसांत एकेका सहीवर बोट ठेवतात : हा पक्षातच नाही, ही मतदारसंघाबाहेर राहते, याने आधी दुसऱ्या उमेदवाराच्या कागदावर सही केलीय. त्याच पदासाठी दोघांना सही दिली, तर आधीच्या तारखेची धरतात. चांगले उमेदवार इथेच बाद होताना मी पाहिलेत. ताईंनी तुमची सही घेतली नाही हे बरोबर केलं.

जर्सीवाला

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. आमच्याकडे पक्ष न नोंदवलेला मतदार प्रायमरीच्या दिवशी केंद्रावरच पक्ष सांगून मत देऊ शकतो. त्यानंतर त्याची त्या पक्षात नोंद होते, इतकंच. नदीच्या अलीकडे-पलीकडे नियम इतके वेगळे आहेत, तेव्हा नातेवाइकांचं ऐकून जाऊ नका.

मला स्वतःला क्लोज्ड पद्धत पटते. पक्षाचा उमेदवार पक्षाच्या माणसांनीच ठरवावा. समोरच्या पक्षाच्या लोकांनी येऊन आपला कमकुवत उमेदवार निवडून दिला तर?

मंजिरी_क्वीन्स

सगळ्यांचे आभार. जर्सीवाला, तुमचा मुद्दा कळतो, पण आम्ही समोरच्या पक्षाचे नाही. ज्या भागात एकाच पक्षाचा माणूस निवडून येतो, तिथे पक्ष नसलेल्याला आमदार निवडण्यात भागच उरत नाही, आणि त्या प्रायमरीचा खर्च तर सगळ्यांच्या करातूनच होतो ना?

आणखी दोन शंका. 23 जूनला आम्ही तसंच केंद्रावर गेलो तर? आणि पक्ष नोंदवला की ते सगळ्यांना दिसतं का?

अनिरुद्ध_ब्रुकलिन

केंद्रावर अॅफिडेव्हिट बॅलट, म्हणजे प्रतिज्ञापत्रासोबतची मतपत्रिका, देतील, तो भरून लिफाफ्यात घालायचा. पण नंतर नोंद तपासतात आणि पक्ष नसेल तर ते मत मोजत नाहीत. दिवस वाया जाईल.

पक्ष दिसतो, हो. मतदारयादीत तो लिहिलेला असतो, ताईंच्या हातातली यादी त्यातूनच काढलेली. मत कुणाला दिलं ते मात्र गुप्तच. शिवाय नोव्हेंबरमध्ये हव्या त्या पक्षाला मत द्यायला मोकळे.

नोव्हेंबर नेहमीच नावापुरता असतो असंही नाही. 24 जून 2025 च्या न्यूयॉर्क शहराच्या महापौरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत झोहरान ममदानींनी माजी गव्हर्नर अँड्र्यू क्युओमोंना हरवलं, तरी क्युओमो अपक्ष म्हणून नोव्हेंबरची निवडणूक लढले, आणि ममदानींना दुसऱ्यांदा जिंकावं लागलं.

सासूबाईंना एक सांगा. महापौरपदाच्या त्या प्रायमरीत पाच नावांपर्यंत पसंतीक्रम देता येत होता. ते फक्त शहराच्या पदांना. असेंब्लीला एकाच नावापुढचा गोल भरायचा, दोन भरले तर त्या पदासाठीचं मत बाद. 13 ते 21 जूनदरम्यान आधी जाऊनही मत देता येतं. मात्र तेव्हाचं केंद्र वेगळं असू शकतं, म्हणून निघायच्या आधी निवडणूक मंडळाच्या साइटवर त्यांचा पत्ता टाकून बघा. तिथेच त्यांच्या नावापुढे पक्ष नीट नोंदला गेलाय का, तेही दिसेल.