योरुबा पवित्र कला आणि माहितीपट : कॅमेऱ्याने नेमके काय जपले जाते?

झरोका :

आमच्या चित्रपट मंडळाच्या पुढील सत्रासाठी नैर्ऋत्य नायजेरियातील योरुबा समाजाच्या पवित्र कलेवरचे माहितीपट निवडायचे आहेत. ओसोग्बो शहरालगतची ओशुन देवीची देवराई २००५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली, तेथून माझे वाचन सुरू झाले आणि दोन शंका मनात राहिल्या. त्या देवराईतील भव्य शिल्पे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील असून त्यांच्यामागे सुझान वेंगर या ऑस्ट्रियन चित्रकर्तीची प्रेरणा होती. मग त्यांना योरुबा परंपरेतील पवित्र कला म्हणावे काय? दुसरी शंका अधिक अवघड आहे. ज्या विधींचा काही भाग दीक्षा घेतलेल्यांखेरीज कोणी पाहू नये असा दंडक आहे, त्यांचे चित्रीकरण केल्याने वारसा जपला जातो की चव्हाट्यावर येतो? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मातीकाम :

पहिल्या शंकेपुरते लिहितो. वेंगर यांचा जन्म १९१५ साली ग्राट्स येथे झाला. १९५० मध्ये त्या पती उली बायर यांच्यासमवेत नायजेरियात आल्या, तेथे गंभीर आजारी पडल्या आणि पुढे एडे गावातील ओबाताला देवाच्या पुरोहितांकडून त्यांनी रीतसर दीक्षा घेतली. लोक त्यांना अदुन्नी ओलोरिशा म्हणत आणि २००९ साली ओसोग्बोतच त्यांचे निधन झाले. मात्र सगळे श्रेय त्यांच्या पदरात टाकणारा माहितीपट मला अपुरा वाटतो, कारण प्रत्यक्ष घडवणारे हात स्थानिक होते. सिमेंटच्या अजस्र आकृती उभारणारे अदेबिसी अकांजी मुळात गवंडी, दगड घडवणारे बुराइमो ग्बादामोसी, लाकूड कोरणारे कासाली अकांग्बे. वाळवीने पोखरलेल्या आणि दुर्लक्षाने खचलेल्या देवस्थानांची डागडुजी करता करता हे काम वाढत गेले. देवराईचा काही भाग १९६५ मध्ये राष्ट्रीय स्मारक ठरला आणि १९९२ मध्ये सुमारे ७५ हेक्टरांच्या संपूर्ण क्षेत्राला ते संरक्षण मिळाले. झाडे तोडून जमीन लाटण्याचा धोका खरा असताना या शिल्पांनी जणू राखणदारांचे काम केले, हे विसरून चालणार नाही.

एक गल्लत मात्र टाळावी. ट्विन्स सेव्हन सेव्हन, मुराइना ओयेलामी वगैरे ओसोग्बोचे प्रसिद्ध चित्रकार १९६० च्या दशकातील कार्यशाळांमधून पुढे आले आणि त्यांची चित्रे कलादालनांत गेली. देवराईत राबणारा गट वेगळा, त्याचे काम पूजेशी बांधलेले. माहितीपट निवडताना हे दोन प्रवाह एकमेकांत मिसळलेले दिसले, तर दिग्दर्शकाचा अभ्यास कच्चा आहे असे खुशाल समजावे.

राहिला प्रश्न परंपरेचा. उष्ण, दमट हवेत लाकडाची मूर्ती आणि मातीची भिंत फार टिकत नाही. ती जीर्ण झाली की नवी घडवायची, हेच तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. म्हणून वस्तूचे वय विचारण्यापेक्षा ती घडवण्याची रीत चालू आहे का, हे विचारणे मला योग्य वाटते, आणि कॅमेरा उपयोगी पडतो तो याच ठिकाणी. इला ओरांगून येथील लामिदी फाकेये (१९२८–२००९) वंशपरंपरेने काष्ठशिल्पी होते. तरीही ते जॉर्ज बांडेले अरोवोगून या उस्तादाकडे उमेदवारी करून शिकले आणि पुढे इले-इफेच्या विद्यापीठात शिकवू लागले. योरुबा काष्ठशिल्पी ओल्या लाकडावर आधी वाकसाने डोके, धड आणि पाय यांचे ढोबळ ठोकळे काढतो, मग त्या ठोकळ्यांतून नाक, कान, हात वेगळे करतो, नंतर पृष्ठभाग गुळगुळीत करतो आणि केसांच्या रेघा, डोळ्यांच्या कडा सगळ्यात शेवटी सुरीने कोरतो. पुस्तकात या चार पायऱ्या चार ओळींत उरकतात. वाकसाचा घाव कोणत्या कोनातून पडतो आणि शिल्पी मध्येच थांबून मूर्ती कशी फिरवून पाहतो, हे पाहिल्याशिवाय कळत नाही.

तालमात्रा :

वरील मताला गेलेडेचे उदाहरण जोडावेसे वाटते. योरुबा समाजातील ज्येष्ठ स्त्रियांच्या, म्हणजे ‘आपल्या मातांच्या’, शक्तीला प्रसन्न करण्यासाठी पुरुष हा मुखवट्यांचा खेळ सादर करतात आणि तो बेनिन, नायजेरिया व टोगो या तिन्ही देशांत आढळतो. आदल्या रात्रीच्या एफे या भागात गायक गावातील वागणुकीवर कोरडे ओढतो, तर मुख्य नाच दुसऱ्या दिवशी होतो. युरोपच्या संग्रहालयांत गेलेडेचे मुखवटे पुष्कळ आहेत, पण काचेच्या कपाटातील तो मुखवटा म्हणजे सोहळ्याचा एक तुकडा. तो चेहऱ्यावर नव्हे तर डोक्यावर, टोपीसारखा बसवतात. नर्तकाचा चेहरा खाली लोंबणाऱ्या कापडाआड असतो आणि त्याच्या पायांतील वाळ्यांचा आवाज ढोलाच्या बोलांशी तंतोतंत जुळावा लागतो. पेगी हार्पर आणि फ्रँक स्पीड यांनी १९७० च्या सुमारास गेलेडेवर माहितीपट केला. हार्पर स्वतः नृत्याच्या अभ्यासक होत्या, आणि अशा विषयाला पायांकडे पाहणारी नजरच लागते.

इफा या भविष्यकथनाच्या योरुबा पद्धतीबाबत मात्र माझे मत निराळे आहे. त्यातील २५६ ओदू म्हणजे विभाग आणि त्यांना जोडलेली असंख्य कवने हा कानाचा वारसा आहे. तेथे उत्तम ध्वनिमुद्रण आणि काटेकोर लिप्यंतर पुरेसे होते.

झरोका :

आभारी आहे. चव्हाट्यावर येण्याचा मुद्दा अजून शिल्लक आहे.

सागरपार :

त्या मुद्द्यासाठी ब्राझीलकडे वळावे लागेल, कारण गुलामांच्या व्यापारातून योरुबा देवता तेथे पोहोचल्या आणि कँदोंब्ले या पंथात रुजल्या. १९५१ मध्ये साल्वादोर येथील दीक्षाविधीची छायाचित्रे ‘ओ क्रुझेइरो’ या खपाच्या साप्ताहिकाने भडक मथळ्याखाली छापली, तेव्हा पंथात प्रचंड संताप उसळला. छायाचित्रकार जुझे मेदेइरोस कुशल होते, एवढेच नव्हे तर त्यांना आत प्रवेशही मिळाला होता. तरीही एका व्यक्तीच्या होकाराला सगळ्या पंथाची संमती मानता येत नाही, हे त्या प्रकरणाने दाखवले. त्याच शहरात राहणारे फ्रेंच छायाचित्रकार पिएर व्हेर्जे यांची वाट वेगळी होती. त्यांनी १९५३ मध्ये इफाची दीक्षा घेऊन फातुंबी हे नाव स्वीकारले आणि अटलांटिकच्या दोन्ही काठांवरच्या उपासनेची छायाचित्रे अनेक वर्षे काढली. दीक्षा घेतली म्हणजे सगळे दाखवण्याचा परवाना मिळाला असे नव्हे; उलट काय दाखवू नये याचे बंधन दीक्षेमुळे अंगावर येते.

ओसोग्बोच्या ऑगस्टमधील उत्सवात ही सीमारेषा स्पष्ट दिसते. अरुग्बा ही कुमारिका कापडाने झाकलेला भोपळा डोक्यावर घेऊन राजवाड्याकडून नदीकडे निघते, हजारो लोक ती मिरवणूक पाहतात आणि कॅमेऱ्यांना तेथे मज्जाव नसतो. भोपळ्यात काय आहे, हे मात्र कोणत्याही चित्रपटाने सांगण्याची गरज नाही. नायजेरियन दिग्दर्शक टुंडे केलानी यांनी २००८ साली अशाच कुमारिकेभोवती कथापट गुंफला. ज्याचे चित्रण अशक्य किंवा अनुचित आहे, त्यासाठी कथेचा आधार घेणे मला माहितीपटाच्या चोरट्या दृश्यांपेक्षा प्रामाणिक वाटते.

सत्राच्या निवडीबद्दल दोनच सूचना. ओशुन नदीच्या वरच्या अंगाला सोन्याचे बेकायदा खाणकाम चालते, तिचे पाणी गढूळ झाले आणि २०२२ मध्ये ते पिऊ नये असे राज्य सरकारला भाविकांना सांगावे लागले. तेव्हा अलीकडचा माहितीपट केवळ शिल्पांभोवती रेंगाळत असेल, तर त्याला मागे ठेवावे. शिवाय ओरिकी म्हणजे स्तुतिकवने चालू असताना ज्यात त्यांच्यावर निवेदकाचा आवाज चढवला आहे, तो चित्रपट दृश्ये कितीही देखणी असली तरी घेऊ नये. मूळ आवाज आणि खाली अनुवाद, एवढे असले की प्रेक्षक तासभर बसतात.